तळटीपेतला धाकटा

...आणि शांततेचे सात टेक! सात! आवाज काढण्याचे नव्हे हो, न काढण्याचे! तुम्हाला सांगतो, तेवीस वर्षं मी पुस्तकं वाचून दाखवण्याचं काम करतो. म्हणजे कपाटाएवढ्या खोलीत माइकसमोर बसायचं, दार बंद, पंखा बंद, कारण पंखा रेकॉर्ड होतो, आणि घाम पुसायचा नाही, कारण रुमालसुद्धा रेकॉर्ड होतो. रहस्यकथा वाचल्या, प्रवासवर्णनं वाचली, एकदा तर मधमाश्या पाळण्याचं अख्खं पुस्तक वाचलं. त्याला तीन पत्रं आली, त्यातलं एक माशी चावल्याचं. पण 'तुझ्या गप्प बसण्यात भावना नाही' असं मला आजपर्यंत कोणी म्हणालं नव्हतं. आणि म्हणालं कोण? माझा सख्खा मोठा भाऊ! लेखक! कादंबरीकार! एकच कादंबरी लिहिलीय त्याने, पण ती अशी लिहिलीय की दुसरी लिहायची कोणाची हिंमत झाली नाही, त्याचीसुद्धा.

तुम्ही पाहिलीय का ती? नाही ना? वाटलंच. तिच्या मुखपृष्ठावर नाव नाही. विसरले नाहीत, मुद्दाम नाही. नाव दिलं की अर्थ मरतो, असं दादाचं म्हणणं. पांढरंशुभ्र मुखपृष्ठ, आत तीनशे पानं. दुकानदारांनी ती उचलली आणि नेऊन ठेवली वह्यांच्या शेजारी. आणि काय सांगू, खपली हो! पटापट खपली! मग आठवड्याभरात परत यायला लागली. तक्रार सगळ्यांची एकच, 'आत छापलेलं आहे.'

आता आतलं ऐका. पहिल्या प्रकरणानंतर सातवं, सातव्यानंतर तिसरं, मग परत तिसरं पण वेगळं. एक वाक्य एकतीस पानांचं. एका पानावर नुसते स्वल्पविराम. एक प्रकरण उलटं छापलेलं. एका पानाला मधोमध भोक, त्यातून पुढच्या पानावरचा एक शब्द दिसतो, आणि तो शब्द काय, तर 'आणि'. शेहेचाळीस पानं कोरी. आणि तळाला बारीक अक्षरात टीपा, दोनशे चौदा! मी एकदा भीत भीत विचारलं, "दादा, ही वाचायची कुठून?" तर डोळे मिटले त्याने, मान हलवली आणि म्हणाला, "कादंबरी वाचायची नसते रे... अनुभवायची असते!"

घ्या! मग मी अनुभवली. म्हणजे वाचली नाही. खरं सांगतो, एकोणीस वर्षांत मी ती उघडली ती फक्त अर्पणपत्रिका बघायला, माझं नाव आहे का म्हणून. अर्पणपत्रिका कोरी. बंद केली. दादाला सांगितलं, "हादरलो." हा शब्द लक्षात ठेवा, कुठल्याही पुस्तकाला चालतो. बाकीच्यांनी तरी काय वाचली होती? सगळे म्हणाले मैलाचा दगड. असेल बुवा! त्या रस्त्याने कोणी गेलं नाही, एवढंच. झाकली मूठ सव्वा लाखाची!

झाकलेलीच राहिली असती. पण मला खाज. आणि ती खाज आईपायी, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा माणूस त्या खोलीतून उठून का नाही गेला?

आमच्या आईला आता दिसत नाही. उजेड कुठे, अंधार कुठे, तेवढं कळतं. राहते माझ्याकडे. दादाला लिहायला एकांत लागतो ना! एकोणीस वर्षं तो दुसरी कादंबरी न लिहिण्यासाठी एकांतात बसलाय. औषधं मी देतो, नखं मी कापतो, पेपर मी वाचून दाखवतो. आणि कोणी आलं की आई काय म्हणते? "माझा मोठा लेखक आहे. फार मोठं साहित्य आहे हो त्याचं!" आणि धाकटा? "तो वाचतो." वाचतो म्हणजे काय, आई? शाळेतलं पोर पण वाचतं! तेवीस वर्षांत माझं एकही पुस्तक तिने ऐकलं नाही. म्हणते, "घरात दिवसभर ऐकतेच की तुझा आवाज, वेगळा कशाला ऐकू?" म्हणून मनात आलं, दादाची कादंबरी माझ्या आवाजात आली तर ऐकावीच लागेल तिला! एकदा, फक्त एकदा, माझा आवाज ऐकून तिने 'वा' म्हणावं. बास. एवढीच हाव. त्यामुळे जेव्हा आमच्या कंपनीच्या मॅडम म्हणाल्या, "सर, तुमच्या भावाची ती गाजलेली कादंबरी आपण ऑडिओत आणू या का?" तेव्हा मी आपणहून मान डोलावली. पायावर धोंडा मीच पाडून घेतला.

मॅडम हुशार बाई. त्यांनी आधीच विचारलं, "पण अशा कादंबरीचं दुसऱ्या माध्यमात काही होऊ शकतं का?" कारण आधी दोघांनी प्रयत्न केला होता. एकाने नाटक केलं. कोऱ्या पानांसाठी त्याने रंगमंचावर अंधार केला, खरा, शेहेचाळीस पानांचा. दिवे लागले तेव्हा प्रेक्षक नव्हते. दुसऱ्याने नृत्य बसवलं, तर एकतीस पानांच्या वाक्यात त्याची गुडघ्याची वाटी सरकली, तो अजून पूर्णविरामापर्यंत पोचलेला नाही. दादा म्हणाला, "त्यांची लायकी नव्हती. कादंबरी करायची नसते, अनुभवायची असते!" मॅडमनी वहीत लिहून घेतलं. अहो, लिहून घेतलं!

सुरू झालं रेकॉर्डिंग. काचेच्या अलीकडे मी. पलीकडे मॅडम, रेकॉर्डिंगवाला आणि मधल्या खुर्चीत दादा, शाल घेऊन. खोलीत उकाडा, तरी शाल. एकतीस पानांचं वाक्य सुरू केलं, दहाव्या पानावर श्वास घेतला तर काचेवर टकटक! "इथे श्वास नाहीये." "दादा, मला लागला!" "पात्राला लागलेला नाही." बरं. मग स्वल्पविरामांचं पान. ते कसं वाचायचं? दादा म्हणाला, "स्वल्पविराम म्हणजे श्वास." म्हणजे मघाशी घेऊ दिला नाही तो सगळा आता घ्यायचा! चारशे बारा स्वल्पविराम, चारशे बारा श्वास. दोनशेव्याला हातापायांना मुंग्या आल्या, तीनशेव्याला मला दोन दादा दिसायला लागले. एकाने आयुष्याची वाट लावली होती, आता दोन! आणि उलटं छापलेलं प्रकरण? तुम्हाला वाटेल पुस्तक फिरवलं की झालं. छे! मग अनुभव कुठे? मला टेबलावर आडवं झोपवलं, डोकं खाली लोंबतंय, माइक जमिनीवर, आणि मी, बावन्न वर्षांचा माणूस, चष्मा कपाळावरून केसांत गेलेला, नायिकेच्या मनातली घालमेल वाचतोय. रक्त सगळं डोक्यात. दादा पलीकडून म्हणतो, "आता आवाजाला वजन आलं."

आणि मग ती कोरी पानं. आमच्याकडे असं आहे, की दोन सेकंदांपेक्षा जास्त शांतता झाली की ती मशीनच कापून टाकतं. त्यासाठीच घेतलंय ते. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, "साहेब, सगळी शांतता उडाली." दादा उभाच राहिला! "उडाली? माझी शेहेचाळीस पानं उडाली?" मशीन बंद केलं. परत घेतली. मी बसलो गप्प. पहिला टेक गेला, पोटात गुडगुडलं. दुसरा गेला, मी आवंढा गिळला. तिसऱ्याला दादा म्हणाला, "ही नुसतीच शांतता आहे. मी लिहिलेली नाही." चौथ्याला मॅडम शिंकल्या, तर म्हणाला, "हे चालेल," मग म्हणाला, "नाही चालणार." सहाव्याला, "तुझ्या गप्प बसण्यात भावना नाही." अहो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! आत माझ्या एवढ्या भावना दाटल्या होत्या की त्यातली एक जरी बाहेर पडती तरी काच फुटती. सातव्याला दादा झोपला. रेकॉर्डिंगवाल्याने हळूच अंगठा दाखवला. झाली शांतता मंजूर.

राहिल्या तळटीपा.

आता माझी एक सवय सांगतो. आमच्या धंद्यात बाकीचे आदल्या दिवशी पुस्तक घरी नेतात, वाचतात, खुणा करतात. मी नाही! मी पान पहिल्यांदा बघतो ते थेट माइकसमोर. डोळे दोन ओळी पुढे, तोंड मागून येतंय, एक अडखळ नाही. सगळ्या कंपनीत माझा लौकिक आहे. नव्या लोकांना आणून दाखवतात, बघा, सर न वाचता वाचतात! फार मिजास होती मला त्याची. तर त्याच मिजाशीत पहिली टीप घेतली. 'प्रत्येक घरात एक धाकटा असतो. पाहुण्यांना गाडीवर सोडायला त्याचा उपयोग होतो.'

अरे! हे तर कळतंय! तीनशे पानांत पहिलं वाक्य, जे कळलं! मला हुरूप आला. मी त्या धाकट्याला एक आवाज दिला, जरा घोगरा, जरा बावळट, शेपूट हलवणारा. पुढची टीप. 'धाकट्याला स्वतःची मतं असतात. ती तो दुसऱ्याला विचारून घेतो.' काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला हसला. तो कधी हसत नाही हो, त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा हसलेला नाही! मी आणखी रंग भरला. 'धाकट्याला नट व्हायचं होतं. आवाज चांगला होता. तो फक्त चुकीच्या माणसात गेला होता.' मॅडम टेबलावर हात आपटतायत! मी भरात! आणि आली एकोणिसावी टीप. 'धाकट्याचा पहिला प्रवेश. वाक्य एकच, मालक, पत्र आलंय. धाकटा आला, हात पुढे केला, पत्र आत विसरलेलं. म्हणाला, मालक, मी आलोय. पहिल्या रांगेत आईने कपाळावर हात मारला. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. घरी जेवताना कोणी बोललं नाही, मीठसुद्धा खुणेने मागितलं.'

पत्र.

मी आलोय.

हसा, हसा. ते पण हसत होते. अहो, तो मी! चौतीस वर्षांपूर्वीचा, हात पुढे करून उभा असलेला मी! आणि गंमत बघा, मला कळलं तरी तोंड थांबेना! तेवीस वर्षांची सवय! डोकं एकोणिसाव्या टीपेत कपाळाला हात लावून बसलेलं आणि तोंड तेविसाव्या टीपेत पोचलेलं, त्याच घोगऱ्या बावळट आवाजात, एक अडखळ नाही. चाळीस टीपा वाचल्या मी. माझ्या चपला, माझं घोरणं, मुलगी बघायला गेलो आणि तिच्या आजीलाच पसंत पडलो ते, सगळं. आणि वाईट काय माहितीये? फार छान जमलं होतं.

बाहेर आलो. म्हटलं, "दादा, हा धाकटा मी आहे." दादाने शाल सारखी केली. "तू? छे! ते पात्र आहे. त्याला खोली आहे. तुझ्यात एवढी खोली कुठे?" म्हटलं, "दादा, आईला हे कळलं तर काय वाटेल?" तर म्हणतो, "आईला एवढ्याच तर वाचून दाखवल्यात! वरचं तिला झेपलं नसतं. फार हसली होती. अजून मी आलो की म्हणते, त्या पत्राची टीप वाच."

ऐकलंत? एकोणीस वर्षं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला जे फार मोठं साहित्य म्हणून सांगत होती ना, ते मी होतो. आणि माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून ते वाचलं जात होतं, मी आत चहा करत असताना.

तेवढ्यात मॅडम उठल्या. डोळे पुसत पुसत म्हणाल्या, "मिळालं! कादंबरीचं रूपांतर होऊ शकतं! वरची कादंबरी काढून टाकायची. फक्त टीपा! रोज सकाळी दहा मिनिटं, विनोदी मालिका!" तुम्हाला खोटं सांगणार नाही, मला आनंद झाला. कारण दादाचा चेहरा! तीनशे पानं! भोक, स्वल्पविराम, उलटं प्रकरण, शेहेचाळीस पानांची शांतता, सगळं गेलं केरात! मी मनात म्हटलं, घे! अनुभव आता! चिडणार, शाल फेकणार, पुस्तक उचलून घरी जाणार, आणि मी सुटणार. दादाने छताकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "लेखक म्हणून तुमचं नाव सुरुवातीला आणि शेवटी." दादा म्हणाला, "मुळात ती टीपांचीच कादंबरी होती. वरचा मजकूर मी केवळ टीपांना आधार म्हणून घातला होता. वाचकांना तेवढंही अनुभवता आलं नाही."

आणि धाकट्याचं काम कोण करणार? मी म्हटलं, झालं ते झालं, आपलेच दात, आपलेच ओठ. निदान आवाज तरी माझाच! आई ऐकेल, हसेल, आणि हसता हसता 'वा' म्हणेल. बदनामी तर बदनामी, पण माझ्या तोंडून! मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचंच काम आहे. पण कंपनीचा नियम आहे, चाचणी घ्यावी लागते." आमच्याकडे चाचणी अशी, की नावं नाहीत, नंबर. ऐकणारे काचेकडे पाठ फिरवून बसतात, ओळखीचा-पाळखीचा वशिला नको म्हणून. सात जण होते. मी चार नंबर. पत्राचीच टीप दिली होती. मी जीव ओतला! हात पुढे केला, खरोखरचा, त्या खोलीत, एकटा. "मालक, मी आलोय!"

आणि पलीकडचा बोलायचा माइक चालूच राहिला. कानावरच्या यंत्रातून मला स्वच्छ ऐकू येतंय. मॅडम विचारतायत, "हा चार नंबर कसा वाटतो?" आणि दादा, माझा दादा, माझ्याच मांडीला मांडी लावून वाढलेला, म्हणतो, "हा फार ओढून-ताणून बावळटपणा करतोय. धाकटा असा नाहीच मुळी. ह्याला धाकट्याचं दुःख कळलेलं नाही."

सातवा आलो. सातात.

पहिला कोण आला माहितीये? ती गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात आहे ना, त्यात गुडघा बोलतो बघा, 'अहो, मलाही आराम हवा!' तो गुडघा. मी गुडघ्याला हरलो. वर तो गुणी निघाला! अभ्यास करायला आठ दिवस आमच्या घरी येऊन बसला. "काका, तुम्ही फक्त नेहमीसारखं वागा." मी दाराला पाय ठेचला की वहीत टिपून घ्यायचा. मी 'ओय' म्हटलं की म्हणायचा, "काका, परत एकदा." आईशेजारी बसून तिला हसवायचा. चार दिवसांत असं व्हायला लागलं, की तो बोलला की आई म्हणायची, "बाळा, पाणी दे रे," आणि मी बोललो की म्हणायची, "कोण आलंय?"

मालिका सुरू झाली. तुफान चाललीय, तुम्ही ऐकत असालच, लाजू नका. आणि मला कंपनीने सोडलं असं समजू नका. वकील म्हणाले, प्रत्येक भागाच्या आधी एक सूचना हवी, कायद्याला धरून. मॅडम म्हणाल्या, "सर, ह्याला तुमच्यासारखा आवाज नाही. तुमच्या आवाजात एक... कोणीच नसल्याचा भाव आहे!" तर ती सूचना मी वाचतो, रोज. 'या मालिकेतील धाकटा हे पात्र संपूर्णपणे काल्पनिक असून, त्याचा कोणत्याही जिवंत अथवा मृत व्यक्तीशी संबंध नाही. साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा.' दादा हजर होता रेकॉर्डिंगला. तीन टेक घेतले. 'निव्वळ'वर जोर हवा होता त्याला.

कालचंच सांगतो. भाग संपला. आई हसून हसून थकलेली, डोळ्यांतून पाणी. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "वा! वा रे वा! काय बोलतोस! अगदी तूच! इतकी वर्षं हा आवाज कुठे दडवला होतास रे?"

म्हणाली हो! वा म्हणाली! दोनदा! आता मी काय सांगू तिला? तो गुडघा आहे म्हणून? गप्प बसलो. भावनेसकट.

मग हात थोपटत म्हणाली, "फक्त ते सुरुवातीला कोण येतो रे? मेलेल्या आवाजाचा? त्याला काढायला सांग तुझ्या मॅडमना. ऐकलं की सगळी मजा जाते. कोण आहे तो?"

मी म्हटलं, "कोणी नाही गं, आई. त्याचा कोणाशी काही संबंध नाही."